एका धुण्याची राणी

वर्षश्राद्धाचे वडे अजून टोपलीत होते आणि मनोहरने पेटी बाहेर काढलीसुद्धा.

"दम धर ना गा जरासा," वच्छलाबाई स्वयंपाकघरातूनच कडाडल्या. "बापाच्या पिंडाले कावळा शिवून दोन घंटे नाई झाले."

"माय, बाबाच सांगून गेले होते. वर्ष झालं की तिघांत वाटा. आज तिघं आहो. उद्या मले पहिल्या बसनं कोराडीच्या पॉवर हाऊसले जा लागते, ड्यूटी आहे."

"कोराडीची बत्ती तुह्यावाचून इझते काय?"

लेक इंदू हसली. काटोलच्या मळ्यातून येताना तिने संत्र्यांचं अर्धं पोतं आणलं होतं, आणि सकाळपासून ती सोलून सोलून ज्याच्या त्याच्या हातावर फोडी ठेवत होती. धाकटा चंद्रभान हसला नाही. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी करून तो थेट श्राद्धाला बसला होता आणि आता भिंतीला टेकून पेंगत होता. मनोहरची बायको शोभा खरकटं काढत होती. तिचं लक्ष पेटीकडे नव्हतं, सासूकडे होतं. वच्छलाबाईंना ते जाणवलं आणि त्यांनी उगाचच पदर सावरला.

पेटी साधीच, सागवानी. वच्छलाबाईंचे यजमान महादेवराव एकतीस वर्षं नागपूर स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसले. सुरुवातीची वर्षं दुसऱ्या लढाईच्या आधीची. खेड्यातला माणूस कमरेची गाठ सोडून चांदीचा राणीछाप रुपया खिडकीतून सरकवायचा, आणि महादेवराव आपल्या खिशातला रुपया गल्ल्यात टाकून राणी घरी आणायचे. पुढे ते रुपये बंद झाले तेव्हा इतवारीच्या बाजारातून एकेक आणला. सगळ्या राण्या एकाच सालच्या. टाकसाळीने म्हणे बारा वर्षं तेच साल छापलं होतं, अठराशे बासष्ट. त्यामुळे सालावरून एक दुसरीपासून ओळखता येत नसे. ओळख होती ती पाकिटावरच्या शब्दात. जुन्या पगाराच्या खाकी पाकिटांवर महादेवरावांनी जांभळ्या पेन्सिलीने शब्द लिहून ठेवले होते.

आणि वच्छलाबाईंचं अडत होतं ते नेमकं तिथेच.

दरवर्षी धनत्रयोदशीला महादेवराव पेटी उघडत, राण्या ताटात मांडत, पाण्याचा थेंबही न लावता लांबून फूल दाखवत आणि एकेक परत आपापल्या पाकिटात घालत. गेल्या दिवाळीला ते नव्हते. वच्छलाबाईंनी एकटीने ताट मांडलं. पूजा झाली, आणि मग त्या बावीस पाकिटांसमोर बसून राहिल्या. कारण त्यांना वाचता येत नव्हतं. आख्ख्या भावकीत चौथी पास म्हणून मिरवणाऱ्या, सकाळी चष्मा लावून अर्धा तास पेपर उलगडणाऱ्या, मॅट्रिक झालेल्या सुनेला "तुह्या शाळेत मीठ किती घालाचं शिकवत नव्हते काय?" म्हणून टोचणाऱ्या वच्छलाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. हे एका माणसाला माहीत होतं आणि तो माणूस गेला होता. बावीस पाकिटांतलं एकच पाकीट त्यांना वाचता येत होतं, कारण त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. त्यातली राणी त्यांनी बरोबर त्यातच घातली. उरलेल्या एकवीस मनाला येतील तशा कोंबल्या आणि पेटीला कुलूप लावलं.

तीन महिने झाले. कोणाला बोलल्या नव्हत्या.

"भाभी, रामराम." इतवारीचे ताराचंदजी दारात चपला काढत होते. महादेवरावांचे तीस वर्षांचे दोस्त, जुन्या नाण्यांचे व्यापारी. मनोहरनेच बोलावलं होतं. चष्म्याची काच एवढी जाड की डोळे संत्र्याएवढे दिसत.

"या. पाय पाहून टाका, उंबरा आहे."

"उंबरा दिसते भाभी, सिक्का नाही दिसत. पुढच्या महिन्यात रामदासपेठेत आँख का ऑपरेशन आहे." ते पेटीशी बसले. "पण इथे आँख कशाला पाहिजे? बाबूजींचं पाकीट म्हणजे हुंडी. पाकिटावर लिहिलं ते मी वाचणार, तो भाव सांगणार. मुंबईचा व्यापारी मला विचारतो, मी बाबूजींना विचारत होतो. राणी तीच, साल तेच, चांदी तेवढीच. पण एका शब्दाने तीस रुपयाची राणी तीनशेची होते."

"कोणता शब्द?" मनोहरने विचारलं.

ताराचंदजींनी पहिलं पाकीट नाकाजवळ धरलं. "हे बघा. 'एक धुणं.'"

वच्छलाबाईंच्या हातातला वडा टोपलीत पडला.

"एक धुणं?" इंदू म्हणाली. "हे काय बाप्पा? रुपये का लुगडे?"

"बाबूजींची भाषा होती, ताई. इंग्रजी बुकात मोठे मोठे शब्द आहेत, पाच-सात पायऱ्या. बाबूजी म्हणायचे, ते शब्द जिभेवर बसत नाहीत. राणीच्या अंगात वेलबुट्टीचं झंपर आहे ना? ते झिजते पहिले. बुट्टीचं पानन् पान उभं असेल तर 'कोरं'. जरा टोक बसलं, 'एक धुणं'. पानं एकमेकांत गेली, 'चार धुणी'. नुसता डाग राहिला, 'विरलं'. आणि मग 'पुसलं'. मी पूर्ण हिंदुस्थानात कोणाजवळ असे शब्द नाही ऐकले."

वच्छलाबाईंनी ऐकले होते. त्यांचेच होते ते.

संध्याकाळी त्या तांदूळ निवडायला बसल्या की महादेवराव शेजारी येऊन बसत, एक रुपया हातावर ठेवत. "सांग वच्छला, कितव्या धुण्याची?" त्या अंगठा पदराला पुसून नुसता टेकवत, घासत नसत, आणि तांदळावरची नजर न काढता सांगून टाकत. "चार धुण्याचं झंपर आहे हे. कोण्या धोब्याजवळ दिलं होतं तुमच्या राणीनं?" ते हसत. मग पाठ करून जांभळ्या पेन्सिलीने काहीतरी लिहीत. वच्छलाबाईंना वाटे, नवऱ्याचा खेळ आहे. लिहीत असतील काही सरकारी. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, काय लिहिता. विचारलं असतं तर वाचता येत नाही हे पुन्हा एकदा तोंडाने कबूल करावं लागलं असतं. आणि महादेवरावही वाचून दाखवायचे नाहीत, तिला वाईट वाटेल म्हणून.

"अरे?" ताराचंदजींचा आवाज बदलला. त्यांनी राणी बाहेर काढली होती, कडेने धरून, आणि बोट हलकेच फिरवलं. "हे एक धुणं नाही. हे तर विरलं. एवढं तर आंधळ्याला बी समजते." त्यांनी दुसरं पाकीट उघडलं. "कोरं लिहिलं आहे... हे पण विरलं. मनोहरबाबू, यातल्या चांगल्या राण्या कोणी काढून घेतल्या काय?"

मनोहरने हळूच चंद्रभानकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"काय पाह्यते दादा?" चंद्रभानची झोप उडाली.

"घरात तू राह्यते. किल्ली तुह्या कोनाड्यात."

"म्हणजे मी चोर?"

"मी कुठं म्हटलं? मी इचारून राहिलो. फटफटीचा हप्ता कुठून भरला तू कार्तिकात?"

"ओव्हरटाइम केला मी! रात्री जागलो!" चंद्रभान उभा राहिला. इंदू मधे पडली, "दादा, काहीबाही बोलू नको," आणि मनोहर तिच्यावर उलटला, "तुले काय, तू तर त्याचीच बाजू घेशीन, लहानपणापासून घेते."

एरवी या घरात भांडण सुरू व्हायच्या आधीच त्यांचा आवाज सुरू होई. आज लेकावर चोरीचा आळ आला आणि वच्छलाबाईंच्याने तोंड उघडवेना. उघडलं तर पहिला प्रश्न येणार होता: पण माय, पाकिटावर तर लिहिलं होतं ना?

"भाऊजींले काही बोलू नका," शोभा म्हणाली. भांडी तशीच ठेवून ती दारात आली होती, हात ओले. "माह्याच हातून झालं."

"तुह्या हातून?"

"दिवाळीत मदतीले आली होती ना मी. पूजा झाल्यावर मीच भरले पाकिटात. घाईत होती, कोराडीची बस चुकन म्हणून. न वाचता कोंबले सगळे. कोणी नेलं नाई काही. बावीसच्या बावीस आहेत, नुसते मिसळले. उघडून पाहा."

मनोहरने भराभर दोन-चार पाकिटं उघडली. 'विरलं' लिहिलेल्या एका पाकिटातून अशी राणी निघाली की झंपराची बुट्टी लांबूनच चमकली.

"अकलेचा उजेड!" मनोहर ओरडला. "मॅट्रिक झाली न् एक शब्द वाचून रुपया टाकता आला नाई तुले? आठ वर्ष माय बोलते ते काही खोटं नाई बोलत."

शोभाने मान खाली घातली.

शोभा त्या दिवशी दुपारी तीनलाच निघून गेली होती. पूजा दिवेलागणीला झाली. हे या खोलीत दोघींनाच माहीत होतं. वच्छलाबाई सुनेच्या ओल्या हातांकडे पाहत राहिल्या आणि भलतंच काहीतरी आठवलं. खोकल्याच्या औषधाची बाटली. दर वेळी हातात देताना ही पोरगी मोठ्याने वाचायची, जणू स्वतःशीच: 'जेवणानंतर दोन चमचे, हलवून घ्यावे.' आणि आपण खेकसायचो, "मले आंधळी समजते काय वं?" इंदूचं पत्र आलं की म्हणायची, "आत्याबाई, तुमचा चष्मा धुऊन ठेवते, तोवर मीच वाचू काय?" लग्न होऊन आली त्या वर्षापासून. म्हणजे त्या वर्षापासून हिला माहीत होतं. आठ वर्षं आपण हिच्या मॅट्रिकला टोचलं आणि हिने एकदाही, भांडणातसुद्धा, ते बाहेर काढलं नाही.

"आता काय ताराचंदजी?" मनोहर विचारत होता. "तुम्हीच पाहून लावा ना परत."

"कोरं आणि विरलं मी लावून देईन, बेटा. पण एक धुणं आणि चार धुणी याच्या मधात सगळा पैसा आहे, आणि तिथेच माझी आँख जात नाही. अंदाजाने लिहिलं तर मुंबईवाला एकदा फसेल, दुसऱ्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. बाबूजी असते तर..."

"बाबा नाईत ना आता." मनोहरने पाकिटं गोळा केली. "मंग सरळ इतवारीत नेतो उद्या. चांदी कधी नाई एवढी चढली आहे. आटवून टाकू, वजनावर तीन भाग. कोणाची किटकिट नाई."

तो 'आटवून' म्हणाला आणि वच्छलाबाई उठल्या.

"ठेव खाली."

"माय..."

"ठेव म्हटलं ना! शोभा खोटं बोलून राहिली." त्या पेटीजवळ येऊन बसल्या. गुडघे वाजले. "मी मिसळले. ही गेल्यावर. मले वाचता येत नाई."

इंदू म्हणाली, "पण माय, तू तर चौथी..."

"चौथी नाई न् दुसरी बी नाई. सहा महिने गेली शाळेत, ते बी भावाले कडेवर घेऊन. तो रडे म्हणून मास्तर मले वऱ्हांड्यात बसवे."

"अन् रोज पेपर वाचते तो?"

"फोटो पाह्यते. कोण मेलं ते समजते." त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, हसायची कोणाची हिंमत झाली नाही. "चंद्या, बस खाली. तुह्यावर आळ आला न् मी गप राहिली. माय म्हणून घ्याची लाज वाटली मले. अन् तू वं," त्या शोभाकडे वळल्या. "हात पूस. पाकिटं वाचाले बस."

"काय करून राहिली तू, माय?" मनोहरने विचारलं.

"ते शब्द माहे होते. तुह्या बापानं नुसते लिहिले."

ताराचंदजींनी चष्मा काढला. "बाबूजी माझ्याकडून सिक्का कधी लगेच विकत घेत नव्हते," ते सावकाश म्हणाले. "म्हणायचे, घरी दाखवून येतो. दुसऱ्या दिवशी येऊन शब्द सांगायचे, मग सौदा. मला वाटे घरी बुक असेल. भाभी, तीस वर्षं मी..."

"बुकच होती. बोलणारी. आणा इकडं."

त्यांनी अंगठा पदराला पुसून कोरडा केला, डोळे मिटले. पहिली राणी तळहातावर. अंगठा टेकला, थांबला.

"विरलं."

शोभाने 'विरलं' लिहिलेलं पाकीट पुढे केलं. दुसरी. "चार धुणी." तिसरी. "हे कोरं. हे आणलं त्या दिवशी घरात दूध नव्हतं, मी दोन दिवस बोलली नाई त्याईच्या संगं." चौथी. "विरलं. बिचारीच्या गळ्यातली माळ बी गेली." इंदू सरकून जवळ आली. चंद्रभान मोजू लागला. एकेक पाकीट भरत गेलं, आणि वच्छलाबाईंच्या मिटल्या डोळ्यांसमोर तांदळाचं सूप होतं, शेजारी कोणीतरी बसलेलं होतं, आणि पेन्सिलीची कुरकुर ऐकू येत होती.

सतराव्या राणीला त्या जरा जास्त थांबल्या. "चार धुणी."

"भाभी, ही मला एक धुणं वाटते," ताराचंदजी म्हणाले. "टोकं लागतात बोटाला."

"तुमचं बोट मऊ आहे. चार."

"माय," मनोहर हळू आवाजात म्हणाला, "ताराचंदजी स्वतःहून एक म्हणून राहिले तर म्हणू दे ना. दोनशेचा फरक आहे."

"तुह्या बापानं चाळीस वर्ष माहा शब्द जसाच्या तसा लिहिला. एक अक्षर इकडचं तिकडं नाई केलं. मी आज दोनशे रुपयासाठी त्याले लबाड करू? चार म्हटलं ना? घाल वं शोभा, चारात."

शोभाने घातली. बाकीच्या चार राण्या झाल्या तेव्हा चंद्रभान एकदम म्हणाला, "बसले. एक बी पाकीट रिकामं नाई. सतरावी एकात टाकली असती ना, तर एक धुण्याची सारी पाकिटं भरून वर एक राणी उरली असती."

ताराचंदजींनी हात जोडले. कोणाला, ते नीट कळलं नाही. भिंतीवर महादेवरावांचा फोटो होता आणि त्याच्याखालीच वच्छलाबाई बसल्या होत्या.

मनोहर पेटीच्या कडेवरून बोट फिरवत होता. मग त्याने इंदूच्या ताटलीतल्या संत्र्याच्या फोडी उचलल्या आणि चंद्रभानसमोर धरल्या. "घे." चंद्रभानने थोडा वेळ घेतल्या नाहीत. मग एक घेतली, बी काढून तोंडात टाकली. आटवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

"हे एक राहिलं," शोभा म्हणाली. "याच्यावर काही लिहिलं नाई."

वच्छलाबाईंनी ते पाकीट तिच्या हातातून घेतलं. मागच्या जानेवारीतलं होतं. महादेवरावांच्या छातीत कफ भरला होता आणि तरी ते कानाला मफलर गुंडाळून इतवारीत जाऊन आले होते. संध्याकाळी खाटेवरून हात पुढे केला होता. "सांग वच्छला, कितव्या?" त्यांनी हातही लावला नव्हता. "मले कायले इचारता? ज्याच्यासाठी थंडीत मराले गेले त्या ताराचंदले इचारा." महादेवराव हसले होते, खोकले होते. "बरं, उद्या सांगजो." त्यानंतर पाच दिवस त्यांनी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. सहाव्या दिवशी सांगायला कोणी उरलं नाही. पेन्सिल पाकिटातच होती.

त्यांनी राणी तळहातावर घेतली. अंगठा टेकवला. झंपर नव्हतं, बुट्टी नव्हती, माळ नव्हती. गालाचा उंचवटा तेवढा होता, बाकी सपाट.

"पुसलं," ताराचंदजी हलकेच म्हणाले. "तेवढं मलाही समजते भाभी. मी तर बाबूजींना म्हटलं होतं, ही नका घेऊ. ते म्हणाले, घेतो, घरचे काय म्हणतात ते ऐकाचं आहे."

वच्छलाबाईंनी राणी बोटाच्या टोकावर तोलली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारली. खणखणीत आवाज निघाला. लांबला, घुमला, आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पितळी गुंडाला जाऊन लागला असावा, कारण तोही बारीकसा वाजला.

"लिही वं शोभा," त्या म्हणाल्या. "पुसलं, पण वाजते."

"असा शब्द बुकात नाही भाभी. बुक फक्त दिसते ते लिहिते."

"मंग तुमच्या बुकवाल्याले सांगा, लिहून घे म्हणावं."

शोभाने जांभळी पेन्सिल जिभेला लावली आणि सावकाश, ठळक लिहिलं. फुंकर घालून पाकीट सासूपुढे धरलं. या वेळी मोठ्याने वाचलं नाही.

वच्छलाबाईंनी चष्मा चढवला. जांभळ्या रेघांकडे बराच वेळ पाहिलं. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं, उचललं, पुढे नेलं.

"यातलं 'वाजते' कोणतं?"

शोभाने त्यांचं बोट धरून शेवटच्या शब्दावर नेलं. त्यांनी अंगठा पदराला पुसला, कोरडा केला, आणि त्या शब्दावर टेकवला. घासला नाही.